दोन कड्यांचा डाग

घोडी घळीतून वर काढली ती मेलेली समजूनच. लोदोईनं तिच्या गळ्यात दोर टाकला तो निदान कातडं तरी हाती लागेल म्हणून. दोर ताणला आणि मेलेल्या घोडीनं डोळा उघडला.

घळीत तिच्या आजूबाजूला त्याच्या थोरल्या भावाचे घोडे होते. एकमेकांना टेकून उभ्या उभ्या गोठलेले. कुणाला शेपूट नाही, कुणाला आयाळ नाही. भुकेनं वेड्या झालेल्या जनावरांनी एकमेकांचे केस चघळून संपवले होते. घोडीचीही शेपूट झिजल्या केरसुणीसारखी बुडख्यापुरती उरलेली. मेलेल्यांच्या मांड्यांवर चंद्रकोरीचा डाग होता, घरचा डाग. घोडीच्या अंगावर चिखल आणि बर्फ यांचं कवच, त्याखाली हिवाळ्याचे दाट केस. तिचा डाग कोण शोधत बसणार? चंद्रकोरीच्या घोड्यांत सापडली म्हणजे चंद्रकोरीचीच. दादाच्या कळपात अशा समंद रंगाच्या, मातकट पिवळ्या अंगाच्या आणि पाठीवर काळी रेघ असलेल्या तरण्या घोड्या काय थोड्या होत्या?

तिला जुन्या बुरणुसात गुंडाळून, उंटामागे ओढत त्यानं वहिनीच्या दारात आणून टाकलं.

"वहिनी, दादाच्या कळपातली एक उरलीय," तो म्हणाला.

नोर्जमानं घोडीकडं पाहिलं, मग तंबूवरच्या धुराकडं पाहिलं. "पाणी कोमट करते," म्हणाली, आणि आत गेली.

त्या हिवाळ्यात झुद पडला होता. आधी उन्हाळ्यानं गवत जाळलं, मग पहिला बर्फ वितळून पुन्हा गोठला आणि उरल्यासुरल्या गवतावर काचेचं झाकण बसलं. जनावरं खुरांनी झाकण फोडत राहिली. खुरं फुटली, झाकण फुटलं नाही. त्यातच वादळ आलं. घोडे वारा पाठीवर घेऊन चालत सुटले आणि नोर्जमाचा नवरा त्यांना वळवायला गेला. वादळ थांबल्यावर तो एका खडकाच्या आडोशाला सापडला. लगाम हातात होता. बसलेला होता, म्हणून बसलेल्यालाच आणावं लागलं.

तेव्हापासून नोर्जमाच्या आत काही हलत नव्हतं. लोक आले, दुधाची वाटी पुढं करून दोन शब्द बोलून गेले. तिनं प्रत्येकाला चहा दिला. रडू आलं नाही. चेर्मा, तिची जाऊ, म्हणाली, येईल हळूहळू. ते आलं नाही, आणि येत नाही याचंही तिला काही वाटलं नाही. सकाळी उठायचं, रानशेण्या वेचायच्या, बर्फाचं पाणी करायचं, चहात मीठ घालायचं. हात करत होते, ती हातांच्या मागून चालत होती.

"वहिनी," लोदोई वाटी खाली ठेवत म्हणे, "चहात मीठ घातलंय का मिठात चहा?"

"जास्त झालं का?"

"दोनदा पडलंय वाटतं."

"पी गुमान," चेर्मा त्याला कोपरानं ढोसे. "तुझा उंट मिठाचे खडे चाटतो, तो कधी तक्रार करतो का? आणि तोंड तर तुमचं दोघांचं सारखंच."

नोर्जमा चहात पाणी ओतून द्यायची. तिला स्वतःला खारट लागत नव्हतं, आळणीही लागत नव्हतं.

घोडी मेंढ्यांच्या रिकाम्या वाडग्यात जगली. दगडाचं गोल वाडगं, आत मेंढ्या नाहीत. मेंढ्या झुदानं नेल्या होत्या. आधी ती पडून गवत खायची, मग गुडघ्यांवर आली, मग उभी राहिली. उभी राहिली त्या दिवसापासून मात्र तिनं कुणाला जवळ येऊ दिलं नाही. लोदोई वाडग्याच्या तोंडाशी गेला की ती पलीकडच्या भिंतीला छाती लावून थरथरायची. एकदा तो आत शिरला, तर तिनं मागचे दोन्ही पाय असे झाडले की त्याची टोपी भिंतीपलीकडं गेली.

"डोकं टोपीत नव्हतं म्हणून वाचलं," चेर्मा म्हणाली.

लोदोई टोपी झटकत आला. "वहिनी, ही माणसाच्या हाताची नाही. उन्हाळी कुरणाला निघायच्या आत हिला दोर लागायला हवा. मोकळी सोडली तर लांडग्यांची. मी काठीचा फास टाकतो, पाडतो, पाठीवर बसतो. उड्या मारमारून दमली की येईल ताळ्यावर. आपल्याकडं असंच तर करतात."

"हाडं बघ तिची," नोर्जमा म्हणाली. "मोडेल."

"मग काय करायचं?"

"मी बघते."

लोदोईनं टोपी डोक्यावर ठेवली. झुदानंतर वहिनीनं आपण होऊन म्हटलेलं हे पहिलंच काही होतं. मग त्यानं विचारलं, "आणि निघेपर्यंत नाही जमलं तर?"

"तर तुझा फास."

का बघते, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. ही घोडी तिथं होती. ते गेले त्या वादळात, त्या वाऱ्यात ही होती. कदाचित ते कळपापर्यंत पोचले असतील. कदाचित त्यांची हाक हिच्या कानावर पडली असेल, आणि त्या कानांत ती अजून कुठंतरी असेल. नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नसतं, आणि गेलेल्याचं तर कुणीच घ्यायचं नसतं. घरात त्यांचं नाव उच्चारणारं कुणी नव्हतं. एवढी एक घोडी होती. ती जाता कामा नये.

वाडग्यात मेंढ्यांच्या लेंड्यांचा जुना थर दगडासारखा बसला होता. तो फावड्यानं कापून त्याच्या लाद्या काढायच्या, वाळवायच्या. वर्षाचं जळण होतं. नोर्जमा रोज सकाळी फावडं घेऊन आत जाऊ लागली. घोडीकडं बघायची नाही, पाठ करून कामाला लागायची. लादी कापायची, उचलायची, भिंतीला उभी करायची. घोडी पलीकडं. नोर्जमा अलीकडं. मधे वारा.

घोडीला माणसाची भीती होती. पण या बाईत माणसासारखं भ्यावं असं काही फारसं उरलंच नव्हतं. ती पुढं येत नव्हती, पुचकारत नव्हती, हात लांबवत नव्हती, तिच्या अंगातून घाईचा वास येत नव्हता. एखादा दगड रोज थोडा थोडा सरकावा तशी ती वाडग्यात सरकत होती. घोडीचे कान आधी मागं चिकटलेले असत, मग एक कान तिच्या फावड्याकडं वळू लागला. मग दोन्ही.

काम करताना नोर्जमाच्या तोंडून गाणं निघायचं. आवडीनं नाही, फावडं चालताना श्वास जातोच, तसं. वसंतात एखादी घोडी आपल्या शिंगराला अंगाला लागू देत नाही, तेव्हा बायका तिच्या कानाशी गातात, ते गाणं. नोर्जमाची आई गायची.

गुरी गुरी, घे गं घे,
ओलं आहे, तुझंच आहे,
वाऱ्यानं नाही आणून टाकलं,
तुझ्याच पोटचं ऊन आहे.

शिंगरू कुठंच नव्हतं. गाण्याला ते ठाऊक नव्हतं.

एक दिवस ती लादी कापायला वाकली असताना मानेवर ऊन वाफ आली. फावडं थांबलं. वाफ थांबली. तिनं पुन्हा फावडं चालवलं, सावकाश, जसं चाललं होतं तसं. वाफ पुन्हा आली. पदराआडून दिवा न्यावा तशी जपून, मानेवरून खांद्यावर, खांद्यावरून दंडावर. नोर्जमानं मान वळवली नाही. लादी काढून भिंतीला लावली आणि बाहेर आली. घोडी तिच्यामागे वाडग्याच्या तोंडापर्यंत आली आणि तिथं उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी हात. समोरून नाही, वरूनही नाही. खालून, पालथा, मूठ सैल ठेवून. घोडीनं बोटं हुंगली, फुरफुरली, लांब गेली. पुन्हा आली. मानेच्या मुळाशी, आयाळ संपते तिथं घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात. नोर्जमानं तिथं बोटं रोवली आणि खाजवत राहिली. घोडीनं मान लांब केली, वरचा ओठ पुढं काढून हवेतच थरथरवू लागली, एखाद्या म्हातारीला गोष्ट आठवावी आणि सांगताना शब्द सापडू नये तसा.

भिंतीवरून चेर्मा बघत होती. "अगं बाई, तोंड बघा हिचं. आमच्या ह्यांना पाठ खाजवून दिली की असंच करतात."

नोर्जमाच्या ओठांची एक कड हलल्यासारखी झाली. हसू नव्हतं ते. पण चेर्मानं घरी जाऊन नवऱ्याला हसल्या म्हणूनच सांगितलं.

मुसक्याचा दोर नोर्जमानं उंटाच्या केसांचा वळला. वळून झाल्यावर तो घोडीला दाखवला नाही, स्वतःच्याच गळ्यात अडकवून ती वावरू लागली. दोराला तिचा वास लागला. मग तो घोडीच्या मानेवर नुसता टाकून काढून घेतला. टाकला, काढला. टाकला, ठेवला, काढला. एका सकाळी घोडीनं आपण होऊन नाक मुसक्यात घातलं आणि नोर्जमानं कानामागे गाठ मारली. गाठ मारून ती तशीच उभी राहिली. आता आनंद व्हायला हवा होता. तिनं थोडी वाट पाहिली. मग घोडीला घेऊन पाण्यावर गेली.

धुळीचे वारे सुरू झाले. ऊन पाठीला लागू लागलं आणि जनावरांचे हिवाळी केस सुटायला लागले. नोर्जमा लाकडी खरारा घेऊन वाडग्यात बसायची. घोडीच्या अंगावरून केसांचे पुंजके निघत आणि वाऱ्यावर जात. मान झाली, खांदा झाला, पोट झालं. मग ती डाव्या मांडीशी आली. एक जाड पुंजका निघाला आणि त्याखाली कातडी दिसली, आणि कातडीवर डाग.

चंद्रकोर नव्हती. दोन कडी होती, एकमेकांत अडकलेली.

नोर्जमानं अंगठ्यानं तो डाग चाचपला. जुना होता, नीट भरलेला. शिंगरूपणी पाडून एकदा डागलं असेल, आणि त्यानंतर माणसाचा हात नाही. दोन कड्यांचा डाग तिला ठाऊक होता. मिठाच्या तळ्यापलीकडं नामखाई म्हणून म्हातारा राहायचा, त्याचा.

ती वाडग्यात खाली बसली. घोडी तिच्या टोपीशी खेळत होती. नोर्जमानं उठून पुंजका पुन्हा त्या जागी ठेवून पाहिला, मुलं तुटलेली वाटी जोडून बघतात तसा. तो वाऱ्यानं गेला.

तिनं कुणाला सांगितलं नाही. पुढं कित्येक दिवस ती घोडीच्या डाव्या अंगालाच उभी राहायची. कुणी आलं की घोडीला अशी वळवायची की डावी मांडी भिंतीकडं जाईल. कधी मांडीवर चिखल थापलेला असायचा. चुकलेलं जनावर सापडलं तर धन्याला कळवायचं, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. ते न करणाऱ्याच्या दारी लोक चहा घेत नाहीत. नोर्जमाला लाज वाटायला हवी होती. तीही वाटत नव्हती. फक्त, घोडी आता मानेशी आली की नोर्जमाच्या हाताला घाई असायची, आणि घोडी ती ओळखायची. कान पुन्हा मागं जाऊ लागले होते. खाजवताना ओठ थरथरत नव्हता.

कुरणाला निघायचे दिवस आले. एका सकाळी लोदोई नवा अंगरखा घालून आला. हातात निळी रेशमी पट्टी होती, चेर्माच्या हातात दुधाचं भांडं.

"वहिनी, मी आणि ही बोललो," तो म्हणाला. "ही घोडी दादाच्या नावानं सोडू. आयाळीत रेशीम बांधू, दूध शिंपडू. मग हिच्यावर कुणी बसायचं नाही, हिला कुणी द्यायचं नाही, मरेपर्यंत आपल्या कळपाबरोबर राहील. दादाचं तिथं बरं होईल. तुमचंही..." तो थांबला. "तुम्ही नाही म्हणायचं नाही."

चेर्मानं दुधात बोट बुडवलं.

नोर्जमा घोडीच्या डावीकडं उभी होती. रेशीम बांधलेल्या घोडीला मागायला कुणी येत नाही. डाग दिसला तरी येत नाही; देवाला दिलेलं परत मागायला कुणाची जीभ रेटेल? घोडी राहिली असती. एवढंच तर तिला हवं होतं.

पण रेशीम त्यांच्या नावानं बांधायचं होतं. दुसऱ्याची घोडी, आणि ती त्यांच्या नावावर. उभ्या आयुष्यात दुसऱ्याच्या कळपातलं केसाएवढं काही घेतलं नाही, त्या माणसाच्या.

"लोदोई," ती म्हणाली, "थांब." आणि घोडीच्या मांडीपुढून बाजूला झाली.

मांडीवरचा चिखल वाळून तडकला होता. तिनं तो तळहातानं पुसला. लोदोई वाकला. बराच वेळ वाकूनच राहिला.

"कधी कळलं?"

"केस झडायला लागले तेव्हा."

त्यानं रेशमाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. चेर्मानं दुधातलं बोट अंगरख्याला पुसलं आणि म्हणाली, "चूक तुझीच आहे. घळीतून काढताना डोळे कुठं होते?"

"माझीच," लोदोई म्हणाला. "माझीच आहे. उद्या जाऊन देऊन येऊ, वहिनी."

नामखाईकडं ते दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. लोदोई आणि नोर्जमा त्याच्या दोन घोड्यांवर, घोडी मागं सैल दोरानं चालत आलेली. म्हाताऱ्याच्या गेरपुढं, म्हणजे बुरणुसाच्या गोल तंबूपुढं, घोडे बांधायचा दोर दोन खांबांवर ताणलेला होता आणि त्याला काही बांधलेलं नव्हतं. म्हातारा बाहेर येऊन उभा राहिला. डोळ्यांवर हात धरून त्यानं घोडीची पाठ पाहिली, मग मांडी पाहिली, आणि घोडी बघितल्यावर पाहुण्यांना बसा म्हणायचं विसरला.

"शेपूट कुठाय?" त्यानं विचारलं.

"खाल्ली, बाबा," लोदोई म्हणाला. "दुसऱ्यांनी. हिनंही दुसऱ्यांची खाल्ली असेल." मग त्यानं घळीचं सगळं सांगितलं.

म्हातारा पुढं झाला. घोडीनं मान उंच केली, डोळ्यांतलं पांढरं दिसलं आणि ती नोर्जमाच्या मागं जाऊन उभी राहिली. म्हातारा तिथंच थांबला. हात तसाच पुढं राहिला.

नोर्जमानं एवढा वेळ काही विचारलं नव्हतं. आता विचारलं. "बाबा, मोठं वादळ झालं तेव्हा ही कुठं होती?"

"वादळात? इथंच. या भिंतीआड होती सगळी. वादळ सरल्यावर चाऱ्यासाठी फुटली आणि गेली. मी वळवायला जाणार कशावर बसून? माझं घोडंच उभं राहत नव्हतं." तो तिच्याकडं बघून म्हणाला, "का गं पोरी?"

"काही नाही," नोर्जमा म्हणाली.

लोदोई जमिनीकडं बघत होता.

म्हणजे घोडीनं काही पाहिलं नव्हतं. काही ऐकलं नव्हतं. ती घळीत आली तेव्हा ते खडकाआड केव्हाचे बसलेले होते. नोर्जमानं घोडीच्या कानांकडं पाहिलं. घोड्याचे कान होते. आत माशा जाऊ नयेत म्हणून केस होते. तिची बोटं मात्र अजून मानेच्या मुळाशी होती, आणि खाजवत होती, आणि त्यांना कसलीच घाई नव्हती. घोडीचा ओठ पुढं आला आणि थरथरू लागला.

म्हातारा ते बघत राहिला. "माझ्याकडं एवढीच उरली," तो म्हणाला. "माझा सगळा कळप हीच आता. पण ही मला हात लावू देणार नाही, पोरी."

"देईल. तिच्याकडं बघायचं नाही. आपलं काम करायचं."

"काम कसलं? जनावरंच नाहीत तर काम कसलं?"

"लाद्या कापायच्या असतील ना? त्या कापा. मी आहे आज."

त्या दुपारी म्हाताऱ्यानं त्याच्या वाडग्यात लाद्या कापल्या आणि नोर्जमानं उचलून भिंतीला लावल्या. म्हातारा दर खेपेला मान वळवायचा, नोर्जमा दर खेपेला म्हणायची, "बाबा, पुढं बघा." लोदोई भिंतीवर बसून कोरडं दही चघळत होता. "बाबा," तो म्हणाला, "आमच्या वहिनींनी ही घोडी वळवली, तुम्ही तर वळालच." उन्हं कलली तेव्हा तिनं म्हाताऱ्याचा हात मनगटाला धरला, पालथा केला, खालून नेऊन घोडीच्या मानेला टेकवला आणि आपला हात काढून घेतला. घोडीची कातडी माशी बसावी तशी थरारली. पण ती हलली नाही. म्हातारा या खेपेला, न सांगता, पुढंच बघत राहिला.

निघताना तिनं मुसकं सोडलं नाही. "राहू दे, त्याला माझा वास आहे. तुमचा लागेल, मग नवं करा."

ती रिकिबीत पाय ठेवत होती तेव्हा म्हातारा चाकू घेऊन आला. "थांब. आपलं जनावर दुसऱ्याच्या हाती देताना केस घेतल्याशिवाय जातात का? दाराची बरकत जाते."

"जनावर तुमचं आहे, बाबा."

"डाग माझा आहे," म्हातारा म्हणाला, आणि चाकू उलटा धरून मूठ तिच्याकडं केली.

तिनं आयाळीतून चार केस कापले. उरलेली आयाळ आखूड होती, केसही आखूड. बोटाला गुंडाळले, अंगरख्याच्या छातीत ठेवले.

ते परतीच्या वाटेला लागले. मिठाचं तळं उजवीकडं पांढरं पडलं होतं. मग लोदोई म्हणाला, "वहिनी, नीट ठेवलेत ना? वाऱ्यानं जातील."

"ठेवलेत."

घोडे चालत राहिले. तिचा हात अंगरख्यावरून छातीशी गेला होता आणि तिथंच होता.

"लोदोई."

"हं?"

"त्यांना नेलं, तेव्हा मी काही घेतलं नाही." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पाणी आण म्हणावं तसा. "तुमच्यापैकी कुणी सांगितलं नाही. घोड्याचे केस घेतात, आणि त्यांचे नाही घेतले."

लोदोईनं लगाम ओढला. तिचा घोडा पुढं गेला, त्यानं टाच मारून तिला गाठलं आणि तिच्या बाजूनं, वारा येत होता त्या अंगानं, चालू लागला.